भिशी भरलेला समुद्र

गेल्या आश्विनात न्यू जर्सीहून मुलीचा दूरध्वनी आला, तो नेहमीच्या क्षेमकुशलापुरता नव्हता. जानेवारीत आम्ही उभयता तिच्याकडे असणार, त्या महिन्यातील तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीनिमित्त नातीच्या शाळेस सुट्टी असणार, तिला मागचेपुढचे दिवस जोडले म्हणजे कॅरिबियन समुद्राकाठी पाच रात्रींचा मुक्काम सहज घडणार, आणि कोणत्या बेटावरचे कोणते हॉटेल घ्यावयाचे याचा निकाल मात्र मी द्यावयाचा, अशी तिने सर्व तजवीज करून ठेवली होती. ‘बाबा, जन्मभर दुसऱ्यांची बिलं तपासलीत, आता एकदा आपल्या सुट्टीचं तपासा,’ असे ती म्हणाली, आणि मी होय-नाही म्हणण्यापूर्वीच वीसेक हॉटेलांची नावे माझ्या फोनवर येऊन पडली.

समुद्राच्या बाबतीत कुर्डुवाडीकराचा सल्ला घ्यावा असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. माढा तालुक्यातील आमच्या या गावी ‘पाणी आले’ याचा अर्थ उजनीच्या कालव्यास आवर्तन सुटले एवढाच असतो, आणि क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी पाहण्याची हौस भिगवणच्या बाजूस धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहण्यास गेले असताना काय भागेल तेवढीच. आमचे खरे वैभव रुळांचे. मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील या स्टेशनास पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाईट रेल्वे धावती केली, तिचे फाटे पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेले, १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली, आणि तिच्याच कार्यशाळेच्या हिशेबखात्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. समुद्र मी प्रथम पाहिला तोही या छोट्या गाडीच्या कृपेने: नऊ वर्षांचा असताना रात्रभर डुलत मिरजेस, तेथून कोल्हापुरास, आणि कोल्हापुराहून एस.टी.ने फोंडा घाट उतरून मालवणास. अंगावरचे कोळशाचे कण समुद्रात धुतले गेले, ही त्या प्रवासाची माझी मुख्य आठवण.

मुलीने पाठविलेल्या यादीत प्रत्येक हॉटेलाच्या नावापुढे ‘ऑल-इन्क्लूझिव्ह’ असे बिरुद होते. मराठी जाहिरातींत त्यास ‘सर्वसमावेशक’ म्हणतात, तथापि तो शब्द मला एखाद्या पक्षाच्या जाहीरनाम्यातून उचलून आणल्यासारखा वाटतो. आमच्या सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता त्याचा उलगडा एका वाक्यात केला. ‘म्हणजे दिंडीची भिशी,’ त्या म्हणाल्या. आषाढीस आळंदीहून निघणारा वारकरी दिंडीच्या चालकाकडे ठरलेली रक्कम एकदाच भरतो, तिला भिशी म्हणतात. मग पंढरपूर येईपर्यंत सकाळचा चहा, दोन वेळचे जेवण, रात्रीची राहुटी आणि सामान वाहणारा ट्रक या कशासाठीही त्याला कमरेची पिशवी सोडावी लागत नाही. जिन्नस तोच, व्यवस्था तीच. फरक एवढाच की दिंडी गावागावांतून चालत जाते, आणि हे हॉटेल एका जागी बसून असते.

गंमत अशी की या पद्धतीचा युरोपातील आरंभही राहुट्यांतच झाला. १९५० साली जेरार्द ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे समुद्राकाठी तंबू ठोकून ‘क्लब मेद’ची पहिली छावणी उघडली, महायुद्धाने गांजलेल्या लोकांनी एकदाच पैसे भरावेत आणि मग नाण्यांची आठवणही काढू नये, ही त्यामागील कल्पना. मद्याचा हिशेब तेवढा वेगळा, आणि तो पुढे गळ्यात घातलेल्या रंगीत मण्यांनी चुकता होऊ लागला. माळेचा हा उपयोग आमच्या वारकऱ्यांस रुचणार नाही. पुढे जमैकात या रोपट्याचा वृक्ष झाला. सत्तरच्या दशकात त्या बेटावर राजकीय हिंसाचार माजला होता, पाहुणे हॉटेलाबाहेर पडण्यास धजत नव्हते. अशा वेळी १९७८ साली जॉन इसा यांनी ओचो रिओस येथे केवळ जोडप्यांसाठी, आणि १९८१ साली गॉर्डन ‘बुच’ स्ट्यूअर्ट यांनी माँटेगो बे येथे ‘सँडल्स’ नावाने, सर्व काही आतच मिळेल अशी हॉटेले उघडली. मद्यही आता भिशीत आले. कुंपण मात्र उंच झाले, आणि पाहुण्याला बाहेर पाठविण्याची गरज राहिली नाही.

मी माझी एक जुनी, अर्धी कोरी राहिलेली रोजकीर्द काढली, तिला उभ्या रेघा आखल्या आणि कामास लागलो. प्रारंभीच माझ्या ध्यानात आले की हॉटेलवाले ज्या क्रमाने गोष्टी सांगतात त्याच्या बरोबर उलट क्रमाने त्या तपासल्या पाहिजेत. ते आधी खोलीतील पलंग दाखवितात, मग पोहण्याचे तलाव, मग आठ उपाहारगृहे, आणि सर्वांत शेवटी समुद्र. कारण समुद्र त्यांच्या हातचा नाही. म्हणून माझे पहिले कलम महिन्याचे. त्या भागात वादळांचा अधिकृत मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्याचा ऐन भर, आणि त्या काळात दर निम्म्यावर उतरलेले दिसले तर ती दानत नव्हे, जोखमीची वजावट समजावी. घाई करणाऱ्यांसाठी हेही सांगतो की मोसमाच्या आरंभीची वादळे किरकोळ असतात हा समज २०२४ च्या जुलै महिन्यात बेरिल नावाच्या वादळाने ग्रेनाडाजवळच्या कॅरियाकू बेटाची धूळधाण करून खोटा पाडला. दक्षिणेकडची अरुबा, बोनेर, क्युरासाव ही बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर पडतात. आमचा महिना जानेवारीचा, तेव्हा ही बाब निकालात निघाली.

दुसरे कलम दिशेचे, आणि याचा विचार करणारे लोक मला फार थोडे भेटले. शाळेच्या भूगोलात ईशान्य व्यापारी वारे पाठ केले होते; त्यांचा या जन्मी उपयोग होईल असे वाटले नव्हते. ते वारे बारमाही पूर्वेकडून येतात, म्हणून बेटाच्या पूर्वेचा किनारा वाऱ्याचा आणि लाटांचा, तर पश्चिमेचा किनारा निवांत, एवढा ठोकताळा हाती असला की निम्मी यादी वाचावीच लागत नाही. पूर्वेच्या किनाऱ्यावर आणखी एक पाहुणा येतो. सरगॅसम नावाचे तपकिरी तरंगते शेवाळ २०११ पासून अटलांटिकमधून लोंढ्यांनी वाहत येऊ लागले आहे. वसंत आणि ग्रीष्म हा त्याचा भराचा काळ. किनाऱ्यावर ते कुजले म्हणजे सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटते, आणि मग भिशीत समाविष्ट असलेला समुद्र खिडकी लावून पाहावा लागतो. जमैकाचा पश्चिमाभिमुख नेग्रिल किनारा यातून बराचसा सुटतो. डोमिनिकन प्रजासत्ताकाचा पुंता काना आणि मेक्सिकोचा कानकून यांच्या वाट्यास ते पुष्कळ येते. जिथे किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाचा बांध असतो तिथे लाटा तिकडेच फुटतात आणि आत गुडघाभर, कमरेभर संथ पाणी राहते. नात आठ वर्षांची, तिची आजी पोहण्यास न येणारी; तेव्हा ‘प्रवाळबांध आहे काय?’ हा प्रश्न मी लाल शाईने लिहिला.

मग दरांची छाननी. कोठे दर माणशी असतो, कोठे खोलीचा. माणशी दर छापला असेल तर तो एका खोलीत दोघे राहतील असे धरून छापलेला असतो, आणि एकट्या इसमास जादा आकार पडतो. एका खोलीत चारांहून अधिक माणसे बहुधा घेत नाहीत, म्हणजे आम्हा पाचांस दोन खोल्या ओघानेच आल्या. डोमिनिकन प्रजासत्ताकात हॉटेलाच्या बिलावर अठरा टक्के कर आणि दहा टक्के सेवा-आकार असे अठ्ठावीस टक्के चढतात. ते छापील दरात धरले आहेत की नाहीत, याचे लेखी उत्तर मागवावे. त्यानंतर माझा आवडता स्तंभ आला, त्याचे शीर्षक ‘असमाविष्ट’. विमानतळावरून ने-आण, यंत्राच्या होड्या, अंगमर्दन, शेवंडीचे जेवण, बाटलीबंद उंची मद्ये, सहली. आठ उपाहारगृहांपैकी एकाच भोजनशाळेत मुक्तद्वार, बाकी सातांत आगाऊ नोंदणी, आणि पाच रात्री राहणाऱ्यास अशा तीनच नोंदण्या, हा मजकूर एका हॉटेलाने इतक्या बारीक अक्षरांत दिला होता की मला भिंग घ्यावे लागले.

सगळी छाननी झाल्यावर जो निष्कर्ष निघाला तो मी मुलीला मोठ्या उत्साहाने कळविला. आपण बहुतेक सारे शाकाहारी, मद्यास न शिवणारे. फक्त जावईबापू सणासुदीस एखादी बियर घेणार. मद्य सर्वांच्या दरात सरसकट धरलेले असते, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाच्या सातव्या पेल्याचा काही अंश आपल्या खात्यातून जातो. वरणभात खाणाऱ्याने शेवंडी खाणाऱ्याबरोबर समान वर्गणी भरावी, तसा हा प्रकार. त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड भाड्याने घ्यावे, डाळतांदूळ बरोबर न्यावेत. खर्च निम्म्याने उतरतो, आकडे जोडले आहेत.

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग ती म्हणाली, ‘बाबा, आकडे बरोबर आहेत. पण पाच दिवस मला आज काय करायचं हा प्रश्न नकोय. कुणी मला कुकर कुठे आहे ते विचारायला नकोय.’

माझ्या रोजकीर्दीत या बाबीचा रकानाच नव्हता. मी बिऱ्हाडाची सूचना खोडून शेजारी ‘नामंजूर’ असा शेरा लिहिला आणि खाली तारीख घातली.

बेटाची निवड त्यानंतर फार लांबली नाही. माझा ओढा जमैकाकडे होता, आणि त्याचे कारण समुद्राशी संबंधित नव्हते. १९७१ च्या दौऱ्यात किंग्स्टनच्या सबिना पार्कवर दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा केल्या, पुढे पोर्ट ऑफ स्पेन येथे वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच कसोटीत हरविले आणि कोवळ्या गावसकरने चार सामन्यांत ७७४ धावा जमविल्या. त्या बातम्यांसाठी आम्ही पोरे स्टेशनवर वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याची वाट पाहत उभी असू, आणि कॅरिबियन म्हणजे आमच्या लेखी ती मैदाने. मुलगी म्हणाली, ‘आपण समुद्राला चाललोय, सबिना पार्कला नाही.’ नकाशा पाहिला तर हॉटेले बेटाच्या वायव्य टोकाकडे आणि किंग्स्टन आग्नेयेला. मी हक्क सोडला. अरुबात सर्व खर्चासह राहण्याची चाल कमी, आणि तिकीट महाग. कानकून मुलीचे आणि जावयांचे पाहून झालेले. उरला पुंता काना: नेवार्कहून थेट विमान, चार तासांच्या आसपासचा प्रवास, तेथील बावारोच्या किनाऱ्यापुढे प्रवाळबांध, शेवाळाचा जोर नसलेला महिना, आणि अमेरिकेचा व्हिसा पारपत्रावर असलेल्या भारतीयास तेथे पर्यटक म्हणून वेगळा व्हिसा काढावा लागत नाही ही मोठीच सोय. प्रवेशासाठी ‘ई-तिकीट’ नावाचा एक अर्ज तेवढा आधी भरावा लागतो. सरकारी संकेतस्थळावर तो विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणारे दुकान समोर आले तर ते बंद करावे.

पुंता कानाचा विमानतळ पाहून मात्र मी थबकलो. काँक्रीटचे छप्पर नाही. लाकडी खांबांवर ताडासारख्या झाडांच्या झावळ्यांनी शाकारलेले उंच उतरते छप्पर, मधून वाहणारा वारा, आणि खाली पारपत्रांची रांग. ज्या झाडाच्या झावळ्या त्याचे नाव काना, आणि त्यावरूनच भूशिराचे नाव पुंता काना, म्हणजे कानाचे टोक. १९६९ साली न्यू यॉर्कचे एक वकील थिओडोर खील आणि त्यांचे डोमिनिकन भागीदार फ्रँक रेनिएरी यांनी येथील रस्ता नसलेले जंगल विकत घेतले, तेव्हा येथे कोळ्यांच्या झोपड्यांखेरीज फारसे काही नव्हते. आधी काही खोल्यांचे छोटे हॉटेल, मग क्लब मेद, मग या भागीदारांनी स्वतःच बांधलेला हा खाजगी विमानतळ, आणि त्यामागून आलेली हॉटेलांची रांग. आमच्या कॅल्थ्रॉपसाहेबाने जे रुळांनी केले ते येथे धावपट्टीने झाले, असे मी जावयांस सांगितले. त्यांनी मान डोलाविली. कॅल्थ्रॉपसाहेबाची कथा त्यांनी पूर्वीही ऐकलेली आहे.

हॉटेलात शिरताच प्रत्येकाच्या मनगटावर एक प्लास्टिकची पट्टी बांधण्यात आली, ती सहाव्या दिवशी कात्रीनेच निघावयाची. स्नान करताना, झोपताना, हात जोडताना ती हातावर असे, आणि ती दाखविली की कोठेही काहीही पुढ्यात येई. पहिल्या दिवशी मी तीन वेळा खिशाकडे हात नेला. दुसऱ्या दिवशी पाकीट खोलीत विसरलो. ही या व्यवस्थेची खरी किमया.

किनारा वाळूने पांढरा, पाणी फिके हिरवे, आणि बांधाच्या पलीकडे लाटांची सतत फुटणारी पांढरी रेघ. लाल शाईच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले होते. तथापि सकाळी सात वाजता गेलो तर झावळ्यांच्या छत्र्यांखालच्या सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल अंथरलेले, आणि माणूस एकही नाही. लोक पहाटे उठून टॉवेल टाकून जातात आणि दहा वाजता न्याहारी उरकून येतात. सौभाग्यवती खो खो हसल्या. पंढरीच्या एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरणारे लोक त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या स्वतः पाच टॉवेल घेऊन गेल्या, आणि तेव्हापासून छत्रीची चिंता आम्हास राहिली नाही.

जेवणाची मला धास्ती होती ती फोल ठरली. त्या देशाचे रोजचे अन्न भात आणि लाल घेवड्याचे कालवण. त्याच्या जोडीला मांस असते, आणि कालवणातही क्वचित डुकराच्या मांसाचा तुकडा पडतो, म्हणून ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. कच्च्या केळ्याचे जाड काप तेलात सोडून अर्धवट तळतात, बाहेर काढून लाकडी चापाखाली दाबून चपटे करतात आणि पुन्हा तळतात; वर मीठ. त्यांना तोस्तोनेस म्हणतात. खुल्या चुलीवर हे काम करणारी बाई दाबलेला काप बोटाने उचलून कडा पाहत असे, कडेला भेग पडली असेल तर तो बाजूस टाकी. आमच्या मंडळींनी तिच्याजवळ उभे राहून चार दिवसांत ती विद्या आत्मसात केली. आणखी एक नवल म्हणजे कासाबे नावाची कडक, पांढरी, पापडासारखी भाकरी. ती ज्या कंदाची, त्याच कंदाचा आपला साबुदाणा. तेथील मूळच्या ताइनो लोकांचे हे अन्न. कोलंबस १४९२ साली या बेटावर उतरला तेव्हापासून युरोपीय त्याचे वर्णन करीत आले आहेत. एकादशी असती तर आमची पंचाईत झाली नसती.

तिसऱ्या दिवशी एका गोड बोलणाऱ्या तरुणाने आम्हा दोघांस न्याहारीचे खास निमंत्रण दिले. न्याहारी दीड तास चालली, कारण तिच्यात पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाची योजना वाढलेली होती: आज एकरकमी भरा, दरवर्षी सवलतीने या, आणि हा दर केवळ आजच्या दिवसापुरता. मी करारनाम्याची प्रत रात्रभर वाचण्यास मागितली. प्रत देता येत नाही, असे उत्तर आले. मग वार्षिक देखभाल-वर्गणी दरवर्षी किती टक्क्यांनी वाढू शकते, हे कलम दाखवा म्हटले. तरुण गेला, त्याचा वरिष्ठ आला; वरिष्ठ गेला, त्याचाही वरिष्ठ आला; शेवटी तिघांनी मिळून आम्हास दारापर्यंत पोहोचविले. अशा बैठकीत सही करून न येण्याचा सोपा उपाय म्हणजे चष्मा खोलीत ठेवून जाणे. मी तो नेला होता, हा माझा हट्ट.

खोली आवरणारी बाई रोज टॉवेलांचे हंस करून पलंगावर ठेवी, आणि नातीशी तिची मैत्री झाली होती. नात शाळेत स्पॅनिश शिकते. २० तारखेस ती बाई म्हणाली, उद्या मी येणार नाही, उद्या आल्ताग्रासियाची जत्रा. नातीने भाषांतर केले ते असे: ‘आजोबा, ती देवीला जाणार आहे.’ इग्वेय हे तिचे गाव बावारोहून तासाभराच्या अंतरावर. तेथे आल्ताग्रासिया मातेचे मोठे देऊळ, १९७१ साली उघडलेले. आत सोळाव्या शतकातील एक लहानसे चित्र, ते नारिंगाच्या झाडाखाली सापडले अशी आख्यायिका. आणि २१ जानेवारीस सबंध देशातून माणसे तेथे लोटतात, त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. पंढरीच्या वाटेवरच्या स्टेशनात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना याहून अधिक सांगावे लागत नाही.

हॉटेलाच्या सहल-खिडकीवर चौकशी केली तर इग्वेयसाठी वातानुकूलित गाडी, वाटाड्या आणि एक स्मरणवस्तूंचे दुकान अशी योजना होती, तिचा दर आमच्या एका दिवसाच्या भिशीएवढा. आणि येथे मला माझ्या स्वतःच्या मनाचा एक नमुना पाहावयास मिळाला. बाहेर जावयाचे म्हणजे आतले, आधीच पैसे भरलेले दुपारचे जेवण बुडणार, बाहेर पुन्हा पैसे पडणार. जन्मभर दुहेरी प्रदाने शोधून लाल रेघ मारणाऱ्या माझ्या जिवाला ते सहन होईना. तसे पाहता समुद्राचे कुंपण काही भिंतीचे नसते. कायद्याने तेथील किनाऱ्याची साठ मीटरची पट्टी सार्वजनिक आहे, कोणीही तिच्यावरून चालत जावे. जमैकात १९५६ च्या कायद्याने लोकांस असा सरसकट हक्क नाही आणि त्यावरून तेथे तंटे चालू आहेत. आमच्या हॉटेलास मात्र पाहुण्यांना अडविण्याची गरजच नव्हती. ते काम भरलेली भिशी करीत होती.

मुलीला आणि जावयांना विचारले. मुलगी खुर्चीत पडून होती, तिने डोळे न उघडता हात हलविला. मग आम्ही दोघे आणि नात, बाईने सांगितलेल्या नाक्यावर जाऊन ग्वाग्वात बसलो. ग्वाग्वा म्हणजे तिकडची वडापची गाडी. तिच्यात हॉटेलांत काम करणारी पुष्कळ माणसे होती. कोणी वेरॉनहून आलेली, कोणी इग्वेयला घरी निघालेली, सर्वांच्या अंगावर धुतलेले कपडे. एका म्हाताऱ्याने सौभाग्यवतींस जागा दिली आणि खिडकीतून कुरणे, गुरे, डोंगर दाखवीत राहिला. इग्वेयच्या पलीकडे, ला रोमानाकडे, मैलोगणती ऊस आहे, असे त्याने नातीमार्फत सांगितले, आणि तो तोडणारे लोक शेजारच्या हैतीतून आलेले, फडाजवळच्या वस्त्यांत राहणारे, त्या वस्त्यांना बातेय म्हणतात. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस या बेटावर आणला. मी म्हाताऱ्यास म्हटले की आमच्या पिंपळनेरच्या कारखान्यावर तोडीला बीडकडची माणसे येतात आणि फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात. नातीला ‘कोपी’चे स्पॅनिश काही करता येईना, तिने हातांनी त्रिकोण करून दाखविला. म्हातारा लगेच समजला.

इग्वेयला उतरल्यावर वाट विचारावी लागली नाही. गर्दी ज्या बाजूस सरकत होती ती बाजू धरली. काँक्रीटच्या कमानींचे ते प्रचंड देऊळ दुरूनच दिसे. रस्त्याच्या दुतर्फा मेणबत्त्या, पदके, फोटो, नारिंगे, लहान मुलांचे पांढरे झगे. आदल्या रात्रीपासून आलेली माणसे सावलीत पथारी पसरून झोपलेली. एक तरुण स्त्री मूल कडेवर घेऊन फरशीवरून गुडघ्यांनी पुढे सरकत होती, आणि तिच्यापुढे तिचा नवरा लोकांना हाताने बाजूस करीत होता. नवस बोलणे आणि फेडणे यांना भाषा लागत नाही. रांगेत आम्ही दोन तास उभे राहिलो. चित्र हाताच्या पंजांत मावेल एवढे नसले तरी दीड-दोन वितींचेच. त्यासमोर क्षणभर थांबता आले, मागच्यांनी पुढे लोटले. ‘अगदी आपल्यासारखं,’ सौभाग्यवती बाहेर येऊन म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. परतताना त्यांनी सहा नारिंगे घेतली.

हॉटेलाच्या फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी उघडून पाहिली. बाहेरचे अन्न आत नेऊ नये असा तेथे फलक आहे. त्याने नारिंगांकडे पाहिले, देवळाच्या दारी मिळालेल्या छोट्या चित्राकडे पाहिले, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पिशवी परत दिली. मनगटाची पट्टी पाहावयाचे तो विसरला.

मुलगी त्याच छत्रीखाली होती. दुपारचे चार वाजून गेले होते. जावयांनी सांगितले की ती जेवणापुरती उठली आणि पुन्हा झोपली, आणि असे झोपलेले तिला त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. नातीने एक नारिंग तिच्या पोटावर ठेवले. त्या गार स्पर्शाने ती जागी झाली, उठून बसली, नखाने साल काढू लागली, आणि अर्धवट झोपेतच तिने विचारले, ‘बाबा, कितीला दिली?’

मी पाकिटातून डोमिनिकन पेसोंची उरलेली मोड काढून मोजली, आणि रात्री खोलीत बसून ‘असमाविष्ट’च्या स्तंभात एकच ओळ लिहिली: इग्वेय, तीन माणसे, जाऊन-येऊन, नारिंगे सहा.